कॉर्न स्नेक की बॉल पायथन?

लेकीला साप पाळायचाय! (आजीला फोनवर कसं सांगायचं, हा प्रश्न वेगळाच.) इथे डॅलसमध्ये आमच्यापुढे पर्याय दोन. दोन्ही बिनविषारी. कॉर्न स्नेक आपल्या धामणीच्या नात्यातला. चपळ, खायची कटकट नाही. बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेतला. शांत, घाबरला की अंगाचा चेंडू करतो, पण रुसला तर महिनोन् महिने खात नाही.

मला पायथनच आवडला होता. मग वाचलं, तो ३० वर्षंही जगतो. माझा व्हिसा ३ वर्षांचा! कॉर्न स्नेक तरी कुठे कमी, १५-२० वर्षं.

लेक म्हणाली, "बाबा, आपण परत गेलो तर त्याला कोण बघणार?"

शनिवारी दुकानातून रिकाम्या हाताने परतलो. बघू, ग्रीन कार्ड आधी येतं की लेकीचं कॉलेज!