समुद्राकडची खिडकी, शेजाराकडचं दार

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर चढलं तेव्हा मी डोंबिवलीत टीव्हीसमोर चहा पीत बसलो होतो. आमचं गावचं घर तिथून दक्षिणेला, बाणकोटची खाडी ओलांडली की केळशीच्या बाजूला, दापोली तालुक्यात. टीव्हीवर सारखं अलिबागचं नाव येत होतं. मी बायकोला म्हणालो, "आपल्याकडे काही नाही, वादळ वरून गेलं." ही पहिली चूक. हिच्यापायी पैसे गेले नाहीत, म्हणून ती धरत नाही.

पुढे चार दिवस गावात कुणाचा फोन लागेना. पाचव्या दिवशी शेजारच्या काकांचा आला. हे आमचे चुलत चुलते. दोन्ही घरांच्या मध्ये एक बांध, आणि त्या बांधावर एक आंबा. तो आंबा कुणाचा यावरून आमचं आठ वर्षं बोलणं जेवढ्यास तेवढं. काका म्हणाले, "मागलं छप्पर नाही. समुद्राकडची काच नाही. पुढलं दार आत पडलंय. बाकी ठीक." बाकी काय उरलं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

छप्पर का गेलं हे तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं. आपल्याकडे चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. त्याचा डोळा आमच्या उत्तरेला, म्हणजे आमच्या घरावर वारा थेट समुद्रावरून, पश्चिमेकडून. त्या भिंतीला पूर्वी एक बेताची खिडकी होती. उभे गज, बाहेरून फळ्यांच्या दोन झडपा. २०१४ साली मी ती काढून सहा फूट रुंद अॅल्युमिनियमची स्लायडिंग बसवली. गजही काढले, कारण गजांतून समुद्र तुकड्यातुकड्यांनी दिसतो. सुतार तेव्हा म्हणाला होता, "भाऊ, तुम्हाला समुद्र दिसेल तसे तुम्ही पण त्याला दिसाल." मी हसलो आणि हा किस्सा ऑफिसात चारचौघांना सांगितला. ३ जूनला काच फुटली, वारा घरात शिरला, त्याला बाहेर पडायला वाट नाही. त्याने कौलं खालून उचलली. वारा वरून छप्पर ओढून नेतो असं आपल्याला वाटतं. पण मंगलोरी कौल अडीच किलोच्या आतबाहेरचं, नुसतं रिपेवर टेकलेलं. आतून रेटा आला की ते भिंतीवरच्या पालीसारखं चिकटून राहत नाही. काकांच्या घराच्या झडपा फळ्यांच्या होत्या. त्यांची पंचवीसतीस कौलं सरकली, बस.

पुढल्या दाराचीही अशीच कथा. आजोबांच्या वेळचा त्याला अडसर होता. भिंतीत दोन्ही बाजूंना भोकं, त्यांत सरकणारा सागाचा जाड दांडा. त्या भोकांत पाली राहतात म्हणून मी ती सिमेंटने बुजवली आणि दाराला पितळी लॅच बसवलं. दांडा परसात कपड्यांच्या दोरीला टेकू म्हणून उभा होता. वादळानंतरही तिथेच उभा होता, हे विशेष.

करोनाची टाळेबंदी चालू होती. ई-पास मिळवून मी दुसऱ्या आठवड्यात निघालो. मंडणगडला थांबून सामान घेतलं. त्या दिवसांत पत्र्यासाठी रांगा होत्या, कौलं तर नावालाही नव्हती. दुकानात प्लायची चार शीटं मिळाली: तीन सहा मिलिमीटरची, एक बारा मिलिमीटरचं. आठ बाय चार. मी विचारलं, "वॉटरप्रूफ आहे ना?" दुकानदार म्हणाला, "एमआर आहे." एमआर म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट, दमट हवेला पुरणारा, घरातल्या कपाटांचा प्लाय. त्याचा चिकटा युरिया फॉर्माल्डिहाइडचा. सतत पाणी लागलं की सुटतो. उघड्यावरच्या कामाला फिनॉलच्या चिकट्याचा, बीडब्ल्यूपी शिक्क्याचा लागतो. दुकानदार खोटं बोलला नाही. मीच मला हवं ते ऐकलं.

गावात शिरताना ग्रामकृती दलाच्या पोरांनी अडवलं. चौदा दिवस विलगीकरण. स्वतःच्या घरात राहा, पण कुणाला बोलवू नका, कुणाकडे जाऊ नका. म्हणजे सुतार नाही, गडी नाही. उभ्या आयुष्यात मी भिंतीला घड्याळाचा खिळा सोडून दुसरं काही ठोकलेलं नव्हतं. ओटीवर सतरंजी टाकली आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. काकू बांधापलीकडून डबा ठेवून जायची. काका खळ्यात उभे राहून बघायचे. काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

आता केलेलं काम सांगतो.

समुद्राकडच्या सहा फुटी भगदाडाला मी सहा मिलिमीटरचा प्लाय मारला. मागच्या दोन खिडक्यांनाही तोच. पडलेलं दार टेकवून उभं केलं, साखळी घातली, नवं कुलूप लावलं. आणि बारा मिलिमीटरचं शीट? ते मी बाजूच्या दारावर मारलं. काकांच्या घराकडे उघडणारं ते दार वादळात जरासुद्धा हललेलं नव्हतं. त्याची कडी शाबूत, बिजागऱ्या शाबूत. करवत नव्हती म्हणून अख्खं शीट तसंच उभं केलं आणि दोन दोन इंचांवर खिळे ठोकले. वारा होता पश्चिमेला आणि माझा सगळ्यात जाड प्लाय होता दक्षिणेला, चुलत्याच्या बाजूला. त्या वेळी मी स्वतःला कारण दिलं की घर उघडं आहे, भांडी आहेत, पितळेचा हंडा आहे, कुणीही शिरेल. "कुणीही" म्हणताना डोळ्यांसमोर एकच माणूस होता. तोच माणूस तीन वाजता खळ्यात उभा राहून माझं ठोकणं बघत होता, आणि त्याच्याच बायकोचं पिठलं सकाळी माझ्या पोटात होतं.

खिळेही चुकलेच. आधी जांभ्यात ठोकले. जांभा दिसतो दगड, पण खिळ्याला चाळणीसारखा. दोन घावांत भुगा पडतो आणि खिळा बोटाने निघतो. मग चौकटीत ठोकले. फणसाचं शंभर वर्षांचं वाळलेलं लाकूड. आधी गिरमिटाने भोक न पाडता तीन इंची खिळा मारला की उभं चिरतं. तीन चौकटी मी अशा चिरल्या. प्लाय चौकटीला अगदी चिकटवून बसवला, फट राहू नये म्हणून कडेने कापडाच्या चिंध्या कोंबल्या, वरून ताडपत्री ताणली. वारा जायला जागा म्हणून ठेवली नाही. घर पॅक झालं याचं मला इतकं समाधान वाटलं की लांब उभं राहून फोटो काढले. मोडतोडीचे फोटो आधी काढायला हवे होते, हे फोटो बघतानाही लक्षात आलं नाही.

चौदा दिवस राहायचं होतं. पाचव्या दिवशी पहाटे मी गाडी काढली. रजा संपत होती हे खरं, पण ज्या पोरांनी नाव वहीत लिहून घेतलं होतं त्यांच्यासमोरून दिव्यांशिवाय गाडी नेली हेही खरं. नंतर त्यांतल्या एकाला त्याचा जाब द्यावा लागला, असं काकूकडून कळलं. त्याच्याशी मी अजून नीट बोललेलो नाही.

मग माझ्यामागे जे झालं ते फोनवर तुकड्यातुकड्यांनी कळलं. पंचनामे झाले तेव्हा आमचं घर बंद, सगळीकडे प्लाय, वर ताडपत्री. आत काय मोडलंय हे दाखवायला कुणी नाही, किल्ली डोंबिवलीत. बाहेरून जेवढं दिसलं तेवढं लिहिलं गेलं. मी ते अंगावर घेतलं, तक्रार करायला तोंड नव्हतं. महिना उलटून गेल्यावर गावात वीज आली. वायरमन घरोघर मीटर बघत फिरला. आमचा मीटर पडवीत, बाजूच्या दाराशेजारी. म्हणजे बारा मिलिमीटरच्या मागे. त्याने शीटवर टकटक केली, काकांकडे पाहिलं, आणि पुढच्या घरी गेला. काका फोनवर म्हणाले, "खिळे काढू काय?" मी म्हणालो, "राहू द्या, मी येतोच." मी आलो ऑक्टोबरात.

ऑक्टोबरात कुलूप काढलं आणि वासानेच मागे सरलो. चार महिन्यांचा कोकणचा पाऊस, आत ओल, बाहेर ओल, हवा हलायला कुठे जागा नाही. ताडपत्रीच्या चिरफळ्या होऊन वाशांना लोंबत होत्या. भिंतीला हिरवा, कपाटाला पांढरा, आणि आईच्या नऊवाऱ्यांना काळा अशी बुरशी रंग बदलून आलेली. समुद्राकडच्या प्लायचे पापुद्रे सुटले होते, भिजलेल्या वहीसारखे. काकू म्हणाली, वारा सुटला की रात्रभर तो नगाऱ्यासारखा वाजायचा. प्लाय आणि चौकट यांच्यामध्ये शिरलेलं पाणी चिंध्यांनी अडवून ठेवलं होतं. उंबऱ्याच्या लाकडात बोट घातलं तर आत गेलं. बारा मिलिमीटरचं शीट पडवीच्या आडोशाला होतं. त्याला काही झालं नव्हतं. फक्त ते जिथे जमिनीला टेकलं होतं तिथून वाळवीची मातीची वाट दाराच्या चौकटीत चढली होती. ज्या दाराला वादळाने हात लावला नाही ते मी वाळवीला उघडून दिलं.

सुतार गणपतीपासून कुणा ना कुणाच्या छपरावर होता. त्याने मागल्या बाजूला पत्रा टाकून दिला, खिडक्यांसाठी उन्हाळा म्हणाला. बाजूचं शीट मी फक्त मीटरपुरतं कापून घेतलं, वीज जोडून घेतली, आणि बाकी सगळं तसंच ठेवून परत आलो. मुद्दाम लिहितो, तसंच ठेवून.

१५ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ येतंय. पुन्हा टाळेबंदी, पुन्हा मी डोंबिवलीत. या खेपेला मीच फोन केला. काका म्हणाले, "समुद्राकडचा प्लाय टिकायचा नाही. आत शिरायला हवं. किल्ली?"

"किल्ली इथे आहे. कुलूप फोडा."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "तुझं कुलूप मी एकटा फोडणार नाही. दोन माणसं बोलावतो. त्यांच्यासमोर तू फोनवर सांग, मग फोडतो."

सरपंचांचा भाऊ आणि सुतार आले. फोन स्पीकरवर टाकला. मी सांगितलं. हॅकसॉचं पातं कुलपावर चालल्याचा आवाज मला दहा मिनिटं ऐकू येत होता. माझ्या आयुष्यात इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल, आणि ती सगळी बायकोसमोर, कारण तिने तिच्या बाजूनेही स्पीकर लावला होता.

त्यांनी काय केलं ते नंतर सुताराने मला दाखवलं. दक्षिणेचं बारा मिलिमीटर पश्चिमेला आलं. मी मीटरसाठी कापलेला भाग खिडकीच्या बाहेर पडत होता म्हणून बरं. चौकटीला एक खिळा नाही. खिडकीच्या आतल्या बाजूने दोन आडवे वासे, दोन्ही टोकं भिंतीवर हातभर पुढे. बाहेरून फळी, आणि फळीतून वाशापर्यंत आरपार लांब बोल्ट. गोल डोक्याची बाजू बाहेर, नट आत, म्हणजे बाहेरून कुणाला फिरवता येत नाही. वारा फळीवर रेटला की जोर वाशांवर, वाशांचा भिंतीवर. फळीची खालची कड चौकटीपासून बोटभर सुटी, मध्ये रिपेचे तुकडे, पाणी गळून जायला. वरची कड मात्र झाकलेली. खालच्या अंगाला तिरकी तीन भोकं, आत हवा जाईल पण पाऊस चढणार नाही अशी. सुतार म्हणाला, "झाकायचं असतं भाऊ, पुरायचं नसतं." पुढल्या दाराच्या भिंतीतलं माझं सिमेंट काकांनी छिन्नीने फोडलं आणि कपड्यांच्या दोरीखालचा दांडा आणून सरकवला. तो अजूनही नीट बसला.

१६ तारखेला वादळ किनाऱ्याला समांतर समुद्रातून वर गेलं, दुसऱ्या रात्री गुजरातेत शिरलं. आमच्या अंगणात एक माड आडवा झाला. फळी जागची हलली नाही.

पुढच्या वर्षी त्या खिडकीला पुन्हा फळ्यांच्या झडपा आल्या, गजही आले. समुद्र तुकड्यातुकड्यांनी दिसतो. नव्या कुलपाची एक किल्ली काकांच्या माजघरात खुंटीला आहे. बांधावरच्या आंब्याचं मात्र मिटलेलं नाही. यंदाही पाडाला लागल्यावर दोघांनीही आपापल्या बाजूने झेला लावला आणि एकमेकांकडे बघितलं नाही.

बारा मिलिमीटरचं ते शीट मी परत मागितलेलं नाही. काकू त्यावर जुनं धोतर अंथरून खळ्यात आमसुलं वाळत घालते. मीटरसाठी कापलेल्या खाचेत तिने रसाचं पातेलं बसवलंय, अगदी मापात. एका कडेला माझा एक वाकलेला खिळा अजून आत रुतलेला आहे. दरवर्षी मे महिन्यात ती म्हणते, तेवढा काढून दे रे, हाताला लागतो. दरवर्षी मी पक्कड शोधतो.