मंगळदासमधलं कापडी नाताळ

डिसेंबर उजाडला की वांद्र्याचा हिल रोड चमकायला लागतो. प्लॅस्टिकचे बॉल्स, चंदेरी झिरमिळ्या, दिव्यांच्या माळा... सगळं रेडीमेड! यंदा घरात काही हटके हवं असेल तर सीएसएमटीला उतरा आणि चालत मंगळदास मार्केट गाठा. रविवारी मात्र नको, तेव्हा बाजार बंद असतो.

आत छपराखाली गल्ल्याच गल्ल्या आणि कापडाचे ढीग. 'पाव मीटर' म्हटलं की काही दुकानदार मान फिरवतात. मनावर घेऊ नका, पुढे चला, कटपीसवाले भेटतातच. लाल चौकडा दिसला तर सोडू नका. तो ख्रिसमस कार्डावरून आलाय असं वाटेल, पण वसईच्या ख्रिस्ती बायकांचं पारंपरिक लुगडं लाल चौकड्यांचंच असतं.

घरी आलात की पुठ्ठ्याची चांदणी कापा. ती दुहेरी कापडावर गिरवा, कापा आणि कडेने जाड दोऱ्याचा धावदोरा घाला. बोटभर फट ठेवून आत जुन्या उशीतला कापूस भरा, फट शिवा, वर रिबिनीचा फास. सुती कापडाचे धागे सुटतात, फेल्टचे सुटत नाहीत. त्यामुळे पहिली चांदणी फेल्टचीच करा. टाके वाकडेतिकडे आले तर येऊ द्यात, मशीनसारखे हवेत कुणाला?

चांदण्या टांगायला खिडकीचे गज बास. खिळ्यासाठी घरमालकाची परवानगी नको आणि अकरा महिन्यांनी घर बदललंत तरी अख्खा नाताळ बुटांच्या एका खोक्यात मावतो. पावसाळ्याआधी त्यात डांबराची गोळी तेवढी टाका.