विचारून खावे

गडचांदूर आणि थाई जेवण यांची कधी गाठ पडेल, असे आम्हाला वाटले नव्हते. आमचे गाव सिमेंटचे. आसपासच्या कारखान्यांमुळे इथे बिहारपासून आंध्रापर्यंतची माणसे आली आणि येताना आपापली चव घेऊन आली. तर्री-पोह्याशेजारी डोसा, डोशाशेजारी लिट्टी, आणि संध्याकाळ झाली की चायनीजच्या गाड्या. त्यात आमचा राजुरा-कोरपन्याचा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्यामुळे आमच्या घरांतला दस्तरखान अजूनही अर्धा हैदराबादी आहे. बगारा खाना, खट्टी दाल आणि जुमेरातला दालचा ठरलेला. बाहेर खायचे तर आदिलाबाद रस्त्याची बिर्याणी. ती कुणाच्या हातची, कोंबडी कुठल्या दुकानाची, हे सगळ्या गावाला ठाऊक असते. विचारण्याची वेळच येत नाही.

मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि ही न विचारण्याची सोय संपली.

पहिल्या वर्षी फोनवर ती रोज काय खाल्ले ते सांगायची. दुसऱ्या वर्षी सांगेनाशी झाली. सुट्टीत घरी आली तेव्हा तिच्या दादीने सरळ विचारले, "बाहर क्या खाती है बेटा?" तेव्हा कळले की मैत्रिणींबरोबर गेली की ती फक्त फ्राईज खाते नाहीतर पोट बिघडल्याचे सांगते. मैत्रिणींना थाई जेवणाचे वेड. सगळ्या जातात, ही सोबत जाते आणि पाणी पिऊन येते. एकदा तिने एका ठिकाणी विचारले होते, "चिकन हलाल है?" वाढणारा काही बोलायच्या आत शेजारच्या टेबलावरून कुणीतरी हसले होते. तेवढ्यावर तिने विचारणेच सोडले.

"अम्मी, हर बार पूछना अच्छा नहीं लगता," ती म्हणाली. "या तो मत खाओ, या मत पूछो."

आम्ही दोघेही शिक्षक. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलांना शाबासकी देण्यात आमची वीस वर्षे गेली. आपल्याच घरातले मूल प्रश्न गिळून उपाशी उठते, हे आम्हाला सहन होईना. 'हलाल' या शब्दाभोवती अलीकडे केवढा गोंगाट झाला आहे, हे आम्हालाही दिसते. पण त्या गोंगाटाला घाबरून मुलीने तोंड मिटून घेतले तर ती आज जेवणाबद्दल विचारणार नाही आणि उद्या आणखी कशाबद्दलही विचारणार नाही. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत बल्लारशाहहून गाडी पकडून आम्ही पुण्याला गेलो, कोंढव्यात नात्यातल्या घरी उतरलो आणि ठरवले की हिला चांगले थाई जेवण मिळेल अशी एक तरी जागा शोधायचीच.

तीन संध्याकाळी आम्ही तीन ठिकाणी गेलो. नावे सांगत नाही. नावांपेक्षा तिथे काय घडले ते उपयोगी आहे.

पहिली जागा मोठी आणि झगमगीत होती. मुलीच्या वतीने आम्हीच विचारले. उत्तर आले, "सर, सब लोग खाते हैं." दुसऱ्यांदा विचारले, तेव्हा म्हणाले, "हाँ, हाँ, सब हलाल है." स्वयंपाकघरात न जाता, कुणाला न विचारता मिळालेले हे उत्तर. मेनूवर डुकराच्या मांसाचे दोन पदार्थ होते. आम्ही सलाड आणि नारळपाणी घेतले, बिल दिले आणि उठलो. भांडलो नाही. ज्याला माहीत नाही त्याच्याशी कशाला भांडायचे?

दुसरी जागा आपल्याच वस्तीतली. हलालची पाटी दारावरच होती, मालक अदबशीर, कुटुंबासाठी वर वेगळी खोली. आम्ही निर्धास्त बसलो. पण ग्रीन करी आली ती कोथिंबिरीची चटणी कॉर्नफ्लोअरमध्ये उकळल्यासारखी. गवती चहाचा वास नाही, नारळाचा पत्ता नाही. दादी असत्या तर म्हणाल्या असत्या, हे तर आजाऱ्याचे सूप. कुराणात 'हलाल' आणि 'तय्यिब' हे दोन शब्द जोडीने येतात. जायज असावे आणि चांगले, स्वच्छ, मनाला रुचणारेही असावे. आपल्या माणसाचे हॉटेल म्हणून दुसरा शब्द सोडून द्यायचा, हे काही बरोबर नाही. जाताना आम्ही मालकांना तसे हळूच सांगितले. त्यांनी राग मानला नाही. उलट म्हणाले, "आचारी चायनीजचा आहे, थाई त्याने फक्त चित्रात पाहिले."

तिसरी जागा आठ टेबलांची. या वेळी मुलीला म्हटले, तूच विचार. ती अडखळली, पण विचारले. वाढणारा मुलगा म्हणाला, "रुकिए, मैं किचन में पूछके आता हूँ." आम्हाला तिथेच अर्धे काम झाल्यासारखे वाटले. ज्याला माहीत नाही आणि जो विचारून येतो, त्याच्या हातचे खायला हरकत नाही. आतून आचारी स्वतः बाहेर आला. कोंबडी हलाल दुकानातून येते, दुकान अमुक, पावती दाखवू का? डुकराचे मांस इथे शिजत नाही. या दोन पदार्थांत ऑयस्टर सॉस आहे, हवे तर त्याशिवाय करतो. करीच्या वाटणात सुक्या कोळंबीची पेस्ट असते, ती मात्र काढता येणार नाही. आणि मग म्हणाला, "आप मसमन लीजिए. वो आप ही लोगों की है."

आम्हाला वाटले, गिऱ्हाईक खूश करायला बोलला. घरी येऊन वाचले तर तो खरे बोलला होता.

मसमन हे नाव 'मुसलमान' या शब्दावरूनच आले, असे मानले जाते. थायलंड हा बौद्ध बहुसंख्येचा देश, पण तिथे मुसलमान शतकानुशतके राहत आले आहेत. दक्षिणेकडच्या पत्तानी, याला, नराथिवात या भागांत तर त्यांचीच वस्ती जास्त. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इराणातल्या कुम शहराचे शेख अहमद नावाचे व्यापारी अयुथ्या या तेव्हाच्या राजधानीत गेले. राजाने त्यांना मोठे पद दिले. मुसलमानांच्या कारभाराचे चुलाराचमोंत्री हे पद त्यांच्यापासून सुरू झाले, ते आजही आहे. या इराणी घराण्याशी मसमनचा संबंध जोडला जातो. पुढे राजे दुसरे राम यांनी आपल्या एका काव्यात जिरे घातलेल्या मसमनची तारीफ केली आहे.

पण आम्हाला जास्त गंमत वाटली ती दख्खनच्या धाग्याची. त्याच काळात गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचे मोठे बंदर मछलीपट्टण होते. तिथून जहाजे बंगालचा उपसागर ओलांडून तनासरीच्या किनाऱ्याला लागत आणि पुढे माल खुष्कीच्या वाटेने अयुथ्याला पोचे. म्हणजे आमचे पूर्वज ज्या मुलखाच्या हद्दीत राहिले, त्या मुलखाचे व्यापारी या वाटेने ये-जा करत होते. इतर थाई करींमध्ये ताजी हिरवी पाने आणि मिरची यांचा जोर असतो. मसमनमध्ये मात्र दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ, जिरे, धणे सगळे हजर. वर चिंच, बटाटा, शेंगदाणे आणि नारळाचे दूध. पहिला घास घेताच मुलगी म्हणाली, "ये तो दादी के सालन का रिश्तेदार है!"

मुलगी सुरुवातीला काड्यांनी भात उचलायची धडपड करत होती. आचारी हसून म्हणाला, थायलंडमध्ये भात चमच्यानेच खातात, काटा फक्त चमच्यावर लोटण्यासाठी, आणि काड्या बहुतेक नूडल्सपुरत्या. ऐकून आम्ही सगळेच हायसे झालो.

आता ज्या घरांतली मुले शहरात शिकायला गेली आहेत, त्यांच्यासाठी थोडे कामाचे.

थाई जेवणात काय विचारायचे, हे आधी माहीत असावे. मांस कुठले, हा पहिला प्रश्न. एकाच कढईत डुकराचे मांस शिजते का, हा दुसरा. फिश सॉस म्हणजे मासळी आणि मीठ महिनोन्‌महिने मुरवून काढलेले पाणी. आपल्याकडच्या सुकटीसारखा त्याचा वास उग्र, पण मूळ वस्तू मासाच. ऑयस्टर सॉस शिंपल्यातल्या जिवाचा. इथे आपल्यातच फरक आहे, तो समजून घ्यावा. कोकणातली आपली भावंडे शाफई मसलकची, त्यांच्याकडे समुद्रातले सगळे जायज. आम्ही विदर्भातले हनफी, आमच्याकडे मासळी तेवढी. कोळंबीबद्दल हनफी उलेमांमध्येही दोन मते आहेत. दक्षिण थायलंडचे मुसलमान शाफई असल्याने तिथल्या हलाल शिक्क्याच्या बाटलीतही ऑयस्टर सॉस असू शकतो. म्हणजे शिक्का पाहिला की डोळे मिटायचे नाहीत, मागचे बारीक अक्षरही वाचायचे. शंका आली तर आपल्या मसलकच्या आलिमांना विचारावे, आणि दुसऱ्या मसलकच्या माणसाच्या ताटाकडे बोट दाखवू नये.

एक गोष्ट मुलीला आम्ही मुद्दाम सांगितली. त्या तिसऱ्या जागी पलीकडच्या टेबलावर एक शाकाहारी कुटुंब बसले होते. ते आचाऱ्याला आमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारत होते. भाजीच्या करीत कोळंबी आहे का, फिश सॉसऐवजी मीठ घालता का, कढई वेगळी आहे का. त्यांना कुणी हसले नाही. हसायचे कारणही नव्हते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला विचारतो, मधुमेह असलेला साखरेचे विचारतो, उपवासाचा माणूस साबुदाण्याचे तेल विचारतो. आपल्या देशात ताटात काय आहे हे विचारून खाणे ही जुनी, सगळ्यांची रीत आहे. त्या रांगेत आपणही उभे आहोत, एवढेच.

फक्त विचारण्याचा तऱ्हा चांगला हवा. दार ढकलून आत जाताच फौजदारासारखी उलटतपासणी करू नये. आधी सलाम-नमस्कार, मग हसून प्रश्न, उत्तर मिळाले की शुक्रिया. उत्तराने समाधान झाले नाही तर भाजीचा पदार्थ घ्यावा नाहीतर उठावे, पण समोरच्या नोकरीवरच्या पोराचा अपमान करू नये. आणि कुणी नीट उत्तर दिले तर पुन्हा त्याच्याकडे जावे, चार घरांना सांगावे. चांगली हॉटेले अशीच टिकतात.

चवीची पारखही सोपी आहे. करीला गवती चहाचा आणि नारळाच्या ताज्या दुधाचा वास हवा. आंबट, तिखट, खारट, गोड यांतले एकच वर येऊन बसलेले नको. भात मोकळा आणि सुवासिक. मेनूवर थाई, चायनीज, मेक्सिकन, पंजाबी असे शंभर पदार्थ असतील तर आचाऱ्याचा हात कशातच बसलेला नसण्याची शक्यता जास्त.

पुण्याहून येताना आम्ही मसमनच्या वाटणाची बाटली आणली नाही. म्हटले, घरीच पाहू. गवती चहा आमच्या दारात आहे. थाई लोक आल्यासारखे जे मूळ वापरतात, ते म्हणजे युनानी औषधातले खुलंजान. खोकल्यासाठी दादींच्या डब्यात ते पूर्वीपासून होते, फक्त वाळलेले. चिंच आणि शेंगदाणे घरचे. पावसाळा लागला तशा बाजारात वास्ते आल्या. आमच्या जंगलपट्टीतले हे बांबूचे कोवळे कोंब थायलंडच्या करीतही पडतात. उकळून कडवटपणा काढला आणि लाल करीत घातले. दादींनी चाखले, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "नमक ठीक है. नाम कुछ भी रखो." आमच्याकडे ही मोठी पावती समजली जाते. शाळेतल्या सहकाऱ्यांसाठी एक डबा बिनकोळंबीचा, बिनचिकनचा केला, कारण त्यांनीही आधी विचारले होते.

मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. परवा फोनवर सांगत होती की नव्या एका ठिकाणी तिने विचारले, उत्तर गोलमाल मिळाले, तेव्हा तिने मैत्रिणींना सरळ सांगितले, मी इथे भात आणि भाजीच घेईन. एका मैत्रिणीने तिच्यासोबत तेच मागवले. पोट बिघडल्याचा बहाणा आता लागत नाही.

तुमच्याही घरातले कुणी पुण्या-मुंबईत, नागपुरात किंवा परदेशात असेल. काय खाल्ले, हे आपण रोज विचारतो. त्याबरोबर हेही विचारून पाहावे की खाण्याआधी तोंड उघडून विचारता येते का. येत नसेल तर एकदा सोबत जाऊन बसावे. चांगले जेवण मिळेल, न मिळेल, ते नशिबाचे. विचारण्याची हिंमत मात्र घरातूनच सोबत द्यावी लागते.