घर आपले, गच्ची सोसायटीची

फ्लॅट घ्यायला निघालेला माणूस काय काय पाहतो? हॉल किती मोठा, ओटा कुठल्या बाजूला, खिडकीतून वारा येतो का, स्टेशन किती मिनिटांवर, शाळा जवळ आहे की नाही. जरा चौकस असेल तर नळाला पाणी किती वेळ येते, हेही विचारतो. पण त्या इमारतीची शेवटची सर्वसाधारण सभा कधी झाली, कुणाची किती थकबाकी आहे, जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हे विचारणारा शंभरात एखादाच. मुलीचे लग्न ठरवताना मुलाचे घराणे खोदून खोदून पाहणारी माणसे फ्लॅट घेताना मात्र फक्त मुलगा पाहतात. आणि नांदायचे असते ते घराण्यात.

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत राहणाऱ्याच्या हाती नेमके काय असते? संस्थेचे शेअर सर्टिफिकेट आणि आपल्या फ्लॅटमध्ये राहण्याचा हक्क. जमीन आणि इमारत ही संस्थेची, म्हणजे सगळ्यांची मिळून असावी, अशी कल्पना आहे. पुण्यात बऱ्याच ठिकाणी १९७०च्या कायद्याखालची 'अपार्टमेंट' असते. तिथे फ्लॅट थेट मालकाचा असतो आणि जमिनीत त्याचा अविभाज्य हिस्सा असतो. कागद वेगळे असले तरी रोजचे जगणे सारखेच. फरशी, रंग, कपाटे, ओटा ही आपली. डोक्यावरचा स्लॅब मात्र वरच्यांची जमीन असतो, भिंतीतून जाणारा पाइप चार घरांचा आणि गच्ची सोळा घरांची. आयुष्यभराची कमाई घालून विकत घेतलेल्या घराचा मोठा भाग असा दुसऱ्यांच्या मर्जीवर उभा असतो.

ही व्यवस्था मुंबईत शंभर वर्षांहून जुनी आहे. गावदेवीत १९१५ साली नोंदवली गेलेली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटी ही देशातली पहिली गृहनिर्माण संस्था मानली जाते. एकट्याला न परवडणारे घर दहाजणांनी मिळून उभारावे, हा तिचा साधा हिशोब होता. पुढे १९६०चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आला, १९६३चा फ्लॅट मालकी हक्काचा कायदा आला, आणि आज राज्यात एक लाखाहून अधिक गृहनिर्माण संस्था आहेत. फरक इतकाच की पूर्वी माणसे आधी एकत्र येत आणि मग इमारत बांधत. आता बिल्डर इमारत बांधतो आणि एकमेकांना कधी न पाहिलेली माणसे एका जिन्यावर आणून सोडतो.

डोंबिवलीतल्या एका इमारतीचेच उदाहरण घेऊ. तळमजला अधिक तीन मजले, सोळा सारखे फ्लॅट, लिफ्ट नाही. वय तिशीच्या पुढे. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिथले सेक्रेटरी. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात गच्ची गळू लागली. वरच्या चार घरांत छताचे पोपडे पडू लागले. गच्चीचे काम करायला चार लाख रुपये लागणार होते. सभा भरली, म्हणजे आधी गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब झाली आणि मग भरली, जशी ती सगळीकडे भरते. तळमजल्यावरचे एक सभासद उभे राहिले.

"माझ्या घरात एक थेंब गळत नाही. मी कशाला पैसे देऊ? वरचा मजला त्यांनी हवेसाठी घेतला ना?"

वरच्या मजल्यावरच्यांनी उलट विचारले, "मग तुमच्या दारासमोरचं गटार तुंबतं तेव्हा आमच्याकडून पैसे का घेता?"

सेक्रेटरींनी उपविधींचे पुस्तक उघडले. गच्चीतून होणारी पावसाची गळती आणि तिने खराब झालेले सर्वांत वरच्या मजल्यांचे छत दुरुस्त करणे हे संस्थेचे काम आहे, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. चार घरांनी खर्च करायचा तर प्रत्येकी एक लाख. सोळांनी केला तर पंचवीस हजार. शेवटी सोळांनी केला.

सोसायटीचा खरा फायदा कोणता, तर हा. बाग, झोपाळा, गणपती, कोजागिरीचे दूध हे सारे छान असते, पण त्यावाचून इमारत पडत नाही. गच्चीवाचून पडते. पाणी स्लॅबमध्ये मुरले की आतल्या सळ्या गंजतात, गंजल्या की फुगतात आणि फुगल्या की काँक्रीट फोडून बाहेर काढतात. हे गंजणे कोण कितव्या मजल्यावर राहतो, ते विचारत नाही. ज्या इमारतीत सोसायटीच झालेली नाही किंवा असून नसल्यासारखी आहे, तिथे वरचे चारजण प्लॅस्टिक अंथरून पावसाळे काढतात, खालचे बाराजण निवांत असतात, आणि एके दिवशी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस सोळाही दारांवर लागते.

याचसाठी मेंटेनन्सच्या बिलात 'सिंकिंग फंड' आणि 'दुरुस्ती निधी' असे दोन रकाने असतात. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या निदान पाव टक्का आणि पाऊण टक्का रक्कम दरवर्षी त्यांत जायला हवी. बांधकाम खर्च आठ लाख धरला तर वर्षाला दोन हजार आणि सहा हजार. महिन्याला साडेसहाशेच्या आसपास. सभेत सर्वांत आधी कात्री लागते ती नेमकी याच रकान्यांना, कारण त्यांतून डोळ्यांना काही दिसत नाही. पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी, हाही नियम त्याच पुस्तकात आहे. ते पुस्तक किती घरांत आहे, हे न विचारलेले बरे.

गच्चीचे भांडण पैशांवर मिटते. न्हाणीघराचे मिटत नाही. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या घरात देवघराच्या वर ओला डाग दिसू लागला. वर न्हाणीघर. दोन्ही घरच्या गृहिणींचे वीस वर्षांचे येणेजाणे, एकमेकींच्या घरची बाळंतपणे पाहिलेली.

"वहिनी, तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्या देवांवर टपकतंय."

"आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे हो."

वरच्यांचे खोटे नव्हते. गळतीची गंमतच ही, की जिथून पाणी जाते ते घर कोरडे असते. फरश्या उखडून पुन्हा बसवायच्या तर पन्नास-साठ हजारांचा खर्च आणि महिनाभर घरात मजूर. वरच्यांनी टाळले. खालच्यांनी सोसायटीकडे पत्र दिले, मग दुसरे, मग वकिलामार्फत तिसरे. फ्लॅटच्या आतल्या न्हाणीघराची गळती ज्याची त्याने स्वतःच्या खर्चाने काढायची, असा नियम. सेक्रेटरी तो दोघांना वाचून दाखवत राहिले. ऐन जेवणाच्या वेळी त्यांच्या दारावर टकटक होई. या कामाचा पगार नाही. मान असतो म्हणतात, तोही दिवाळीपुरता. दोन वर्षे अशी गेली. जिन्यात भेट झाली की दोघींपैकी एक भिंतीकडे पाहू लागे.

अखेर सेक्रेटरींनी दोन्ही घरच्यांसमोर प्लंबरकडून चाचणी करवली. वरच्या न्हाणीघराचे तोंड बंद करून रंग कालवलेले पाणी दिवसभर साठवून ठेवले. खाली रंग उतरला नाही. गळती निघाली ती डक्टमधल्या सांडपाण्याच्या सामाईक पाइपच्या सांध्यातून. म्हणजे सोसायटीची. दुरुस्ती दोन दिवसांत, काही हजारांत झाली. आरंभीच एक दिवस ही चाचणी केली असती तर? पण आरंभी कुणालाच पाण्याचा शोध घ्यायचा नव्हता, दोषी कोण ते ठरवायचे होते. डाग गेला. हळदीकुंकवाचे बोलावणे मात्र अजून वर गेलेले नाही.

हा त्रास मोठा आहे, पण तो सोसायटीचा दोष म्हणता येणार नाही. एका छताखाली राहणाऱ्यांत तो होणारच, आणि सोसायटी नसती तर तो थेट पोलीस चौकीत गेला असता. खरा दोष दिसतो तो कमिटी सामाईक पाइप सोडून लोकांच्या उंबऱ्याच्या आत डोकावू लागते तेव्हा.

याच इमारतीत एका विधवा बाईंचा फ्लॅट आहे. पतीने नामनिर्देशन करून ठेवले होते, त्यामुळे सभासदत्व विनातक्रार मिळाले. त्या मुलाकडे राहायला गेल्या आणि फ्लॅट दोन तरुण परिचारिकांना भाड्याने दिला. भाड्यावर त्यांचा औषधपाण्याचा खर्च निघे. परिचारिकांना रात्रपाळी असे. महिन्याभरात नोटीस बोर्डावर कागद लागला, 'अविवाहित भाडेकरू ठेवण्यास मनाई आहे.' वॉचमन त्या मुली किती वाजता येतात, ते वहीत लिहू लागला. रात्रभर दुसऱ्यांच्या आईवडिलांची सेवा करून येणाऱ्या मुलींना सकाळी जिन्यात लोक वरपासून खालपर्यंत न्याहाळत. तीन महिन्यांत त्या निघून गेल्या. घर चार महिने रिकामे राहिले. मेंटेनन्सचे बिल दर महिन्याला वेळेवर येत होते.

कायदा काय म्हणतो? फ्लॅट भाड्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही, तिला करारनाम्याच्या प्रतीसह आगाऊ कळवणे आणि पोलिसांत नोंद करणे पुरेसे आहे. भाडेकरू ठेवल्याबद्दलचे शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा राज्य सरकारचा आदेश २००१ साली निघाला. फ्लॅट विकताना महापालिका क्षेत्रात हस्तांतरणाचे अधिमूल्य पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही, 'देणगी' तर नाहीच. तरीही कुठे कुत्रा पाळण्यावरून, कुठे स्वयंपाकघरातून येणाऱ्या मासळीच्या वासावरून, कुठे नुसत्या आडनावावरून घर नाकारले जाते. आडनावाच्या बाबतीत कायद्याचेही हात बांधलेले दिसतात. अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, संस्था आपल्या उपविधींनुसार सभासदत्व एका समाजापुरते ठेवू शकते, असा निकाल दिला. निकाल निकालाच्या जागी. पण कर्ज मिळत नव्हते म्हणून माणसांनी एकत्र येण्यासाठी जे सहकाराचे तत्त्व काढले, त्याचा उपयोग माणसांना बाहेर ठेवण्यासाठी व्हावा, हे विपरीतच आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना विचारले तर ते म्हणतील, यात नवल काय? तिथल्या घरमालकांच्या संघांना अंगणातले गवत किती वाढू द्यावे आणि घराला बाहेरून कोणता रंग द्यावा, हेही ठरवता येते. वर्गणी थकली तर अनेक राज्यांत घराचा लिलावही करवता येतो. आपल्याकडे थकबाकीदाराला वर्षाला एकवीस टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येते आणि उपनिबंधकाकडून वसुलीचा दाखला आणता येतो. पण बहुतेक सेक्रेटरी शेजारधर्म आठवून तिथवर जात नाहीत. त्याची किंमत नियमाने भरणारे मोजतात, हेही खरे.

त्या बाईंनी पुढे काय केले, ते सांगण्यासारखे आहे. कमिटीत स्त्रियांसाठी दोन जागा राखीव असतात. या इमारतीत एक जागा नेहमी रिकामी असे आणि दुसरीवर एका सभासद बाईंचे नाव असे, सभेला मात्र त्यांचे यजमान येत. पुढच्या निवडणुकीत त्यांनी रिकाम्या जागेवर अर्ज भरला. दुसरा अर्जच नसल्याने निवडून आल्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी नोटीस बोर्डावरचा तो कागद कोणत्या ठरावाने लावला, असे विचारले. ठराव नव्हता. कागद काढला गेला. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "आपल्या इमारतीखालची जमीन कुणाच्या नावावर आहे?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. कायद्याने बिल्डरने संस्था नोंदवल्यापासून चार महिन्यांत जमीन तिच्या नावे करून द्यायची असते. इथे तीस वर्षे झाली होती. बिल्डर वारला होता, त्याची मुले परदेशी. इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली तर जमिनीवर पहिला हक्क कोण सांगेल, याचा विचार सोळांपैकी कुणीच केला नव्हता. बिल्डर करून देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून 'मानीव अभिहस्तांतरण' मिळवण्याची सोय २००८ साली कायद्यात आली आहे. त्यासाठी इतर कागदांबरोबर प्रत्येक सभासदाचा नोंदणीकृत करारनामा आणि सूची क्रमांक दोनची प्रत लागते.

त्या बाई आता दर रविवारी मुलाच्या घरून येतात आणि पिशवीत फाईल घेऊन दारोदार फिरतात. 'अविवाहित भाडेकरू' हा कागद ज्यांनी लिहिला त्यांनी आपले कागद पहिल्याच फेरीत काढून दिले, चहाही केला. न्हाणीघराच्या भांडणातल्या दोन्ही घरांनी दिले, वेगवेगळ्या रविवारी. सोळापैकी चौदा घरांचे करारनामे जमले आहेत. उरलेल्या दोन फ्लॅटचे मालक बाहेरगावी असतात. एकाचा फोन लागला आहे, दुसऱ्याचा पत्ता सेक्रेटरी जुन्या बिलांच्या गठ्ठ्यात शोधत आहेत.