मु. पो. कामशेत

खंडाळा, शनिवार रात्र

ती. बाबांस आणि आईस,


फोनवर ‘गाडी गरम झाली, आम्ही सुखरूप आहोत’ एवढंच सांगता आलं. घाटात रेंज धड नव्हती आणि मागे वाहनांची रांग लागली होती. आता सविस्तर लिहिते. बाबा, चिकलठाण्याच्या वर्कशॉपात तुमची हयात एसटीची इंजिनं उघडण्यात गेली. ‘गरम झाली’ एवढ्यावर तुम्हाला झोप लागायची नाही.

अलिबागहून पेणमार्गे दुपारी खोपोलीला पोचलो. निघताना इंजिन गार असतानाच रेडिएटर पाहिला होता, पाणी काठोकाठ होतं. खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ-सत्तर मीटरवर, लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास. मधला सगळा चढ बोरघाटात एका दमात काढायचा. मेचं ऊन, आणि गाडीत पलंग, ओटा, सिलिंडर, पाण्याची टाकी, जादा बॅटऱ्या असं आख्खं घर भरलेलं. जुन्या रस्त्याने दुसऱ्या गिअरवर चढत होते. अशा चढावर इंजिन पुरा जोर लावत असतं, पण वेग नसल्यामुळे समोरून वारा मिळत नाही. मग सगळी भिस्त पंख्यावर आणि वॉटर पंपावर.

शिंगरोबाच्या देवळाशी तुमच्या जावयांनी नाणं वाहिलं. आई, तुला ही गोष्ट माहीत नसेल. घाटाची वाट साहेबाला दाखवली ती शिंगरोबा नावाच्या धनगराने, आणि वाट कळल्यावर साहेबाने त्यालाच गोळी घातली, अशी कथा इथे सांगतात. ट्रकवाले अजूनही इथे नाणं वाहून पुढे जातात. बायकापोरं घरी ठेवून रात्रंदिवस या वळणांवर चालणाऱ्या माणसांचा हा देव आहे. मलाही हात जोडल्याशिवाय पुढे जाववलं नाही.

देवळाच्या पुढे काटा चढायला लागला. केबिनचा हीटर पूर्ण उघडला, खिडक्या खाली केल्या. त्याने थोडा वेळ धीर दिला. मग काटा लाल पट्ट्यात गेला आणि तिथून एकदम खाली पडला. बाबा, ही तुमचीच शिकवण: तापलेल्या इंजिनाचा काटा अचानक खाली आला, तर इंजिन गार झालं असं समजायचं नाही, सेन्सरभोवती पाणीच उरलेलं नाही असं समजायचं. तिथल्या तिथे गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि चाकांना दगड लावले. एक्झॉस्टमधून पांढरा धूर येत होता आणि त्याला कूलंटचा गोडसर वास होता. रेडिएटरच्या झाकणाला कोणाला हात लावू दिला नाही. ते झाकण कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं. दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण फिरवलं की तेच पाणी वाफ होऊन तोंडावर येतं.

एका ट्रकवाल्या दादांनी टोचन करून खंडाळ्यापर्यंत आणून सोडलं. पैसे घेतले नाहीत. आज मुक्काम इथेच, गाडीत.

रात्री रेल्वेचा घाट ऐकू येतो. 1863 साली सुरू झालेल्या या लोहमार्गाचा चढ सदतिसाला एक असा आहे, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात, ती लोणावळ्यापर्यंत ढकलत आणतात आणि तिथे सुटी होतात. हा घाट बांधण्याचं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रजाकडे होतं. तो 1859 साली इथे येऊन लवकरच वारला, आणि पुढचं काम त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने आपल्या अंगावर घेऊन तडीस नेलं. डोंगर फोडताना पटकीने आणि अपघाताने हजारो मजूर दगावले, त्यांची नावं मात्र कुठे वाचायला मिळत नाहीत.

तुमची लेक


कामशेत, मंगळवार

ती. बाबा,

काल एका मोठ्या गॅरेजवाल्याला बोलावलं होतं. त्याने बॉनेट उघडून पाहिलं न पाहिलं आणि सांगितलं, ‘ताई, एवढ्या जुन्या गाडीवर खर्च करू नका. भंगारातलं दुसरं इंजिन बसवतो, नाहीतर गाडीच देऊन टाका.’ मला राग आला. इंजिन बदललं की आरसी बुकातला इंजिन नंबर बदलून घ्यायचा, आरटीओच्या खेपा घालायच्या, आणि आलेलं इंजिन आतून कसं आहे ते देवालाच माहीत. न उघडता निदान करणाऱ्या माणसाच्या हाती गाडी द्यायची नाही असं ठरवलं.

कामशेतला हायवेच्या कडेला एक म्हातारे मिस्त्री आहेत, लोणावळ्याच्या टॅक्सीवाल्यांनी त्यांचं नाव सुचवलं, मग गाडी टोचन करून त्यांच्याकडे आणली. पत्र्याची शेड, बाजूला चिंच, आत दोन टेम्पो आणि एक ट्रॅक्टर. त्यांनी आधी ऑइलची पट्टी काढली आणि काही न बोलता माझ्यापुढे धरली. टोकाला दुधाळ, कॉफीच्या रंगाचा फेस. मग रेडिएटर भरून झाकण न लावता सेल्फ मारला. पाण्यात बुडबुडे. ‘हेड गॅस्केट गेलं. हेड उतरवायचं. त्याच्या आधी किंमत सांगणार नाही,’ म्हणाले. मला हे बोलणं आवडलं.

बाबा, गाडी कुठली आहे हे कळल्यावर मिस्त्रींचा चेहरा उजळला. आपली ट्रॅव्हलर नव्वदच्या दशकातली, नाकावर ‘बजाज टेम्पो’ लिहिलेली. कंपनी आकुर्डीची, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावरची. 1958 साली फिरोदियांनी काढलेली ही कंपनी, 2005 पासून तिचं नाव फोर्स मोटर्स. 1987 साली ट्रॅव्हलर आली ती मर्सिडीजच्या चार सिलिंडरच्या ओएम 616 या डिझेल इंजिनासह, त्याच्या आधी मॅटाडोरलाही हेच इंजिन होतं. मिस्त्री म्हणाले की मावळातला भाजीपाला, दूध, लग्नाची वऱ्हाडं आणि एकवीरेचे भक्त सगळे या इंजिनावर वाहिले गेले. त्यांनी असली इंजिनं इतकी उघडली आहेत की बोल्टांना न बघता पाना लागतो.

आता गाडीतल्या घराचं सांगते. साधी मोटार गॅरेजला टाकली की माणूस रिक्षाने घरी जातो. आमचं घरच गॅरेजमध्ये आहे. इंजिन अर्धं बॉनेटखाली आणि अर्धं केबिनमध्ये दोन सीटांच्या मधल्या झाकणाखाली. ते झाकण काढलं की डिझेलचा वास थेट पलंगापर्यंत. मिस्त्रींच्या घरून वायर ओढून पंखा लावलाय. गॅसचा सिलिंडर काढून शेडबाहेर ठेवायला त्यांनी पहिल्याच दिवशी लावलं, वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात म्हणून. कार्ल्याला एमटीडीसीच्या निवासात खोली घेऊन राहता आलं असतं, पण मला काम डोळ्यांनी बघायचं होतं.

तुमची लेक


कामशेत, 1 जून

ती. बाबा,

आज एसटीचा वर्धापन दिन. 1948 साली याच तारखेला पुण्याहून नगरला पहिली गाडी गेली, हे तुम्ही दरवर्षी सांगता. आज तुमच्या जागी मीच मिस्त्रींना सांगितलं.

हेड उतरलं. तुम्हाला पाहायला आवडलं असतं. या इंजिनाची कॅमशाफ्ट वर हेडमध्ये आहे आणि ती साखळीवर फिरते. साखळी सुटून खाली गेली की पुढचं सगळं उघडावं लागतं. मिस्त्रींनी आधी पुलीची खूण जुळवली, कॅमच्या चाकावर आणि साखळीच्या कडीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, मग बांधकामाच्या तारेने साखळी ताणून बॉनेटच्या दांडीला बांधली. एवढं झाल्यावरच हेडच्या बोल्टांना हात लावला. जे बोल्ट काढले ते पुठ्ठ्याला भोकं पाडून हेडवरच्या क्रमाने खोचून ठेवले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे गॅस्केट जळून बोटभर काळी वाट झालेली. तिथून दाब पाण्यात जात होता आणि पाणी ऑइलमध्ये. हेडवर पोलादी पट्टी आडवी ठेवून फिलर गेज सरकवलं. टोकांना पान अडत होतं, मधे सहज आत गेलं. हेड वाकलंय. पण ओतीव लोखंडाचं असल्यामुळे फेस मारून घेता येईल, मात्र आधी तडा नाही ना ते तपासायचं.

मूळ कारण तेवढ्यात सापडलं. वॉटर पंपाचा दांडा हाताने हलत होता, बेअरिंग झिजून सील गेलेलं. त्यात भर म्हणजे रेडिएटर. आमच्या आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी घातलं असावं. निम्म्या नळ्या क्षाराने बुजलेल्या. सपाटीवर हे खपून गेलं, पण बोरघाटाने हिशेब मागितला. तळेगावच्या एका कारागिराने डाख सोडवून रेडिएटरच्या टाक्या उघडल्या, नळ्यांतून बारीक सळया घालून खडू बाहेर काढला आणि पुन्हा डाख देऊन बसवला. तांब्या-पितळेचा रेडिएटर असल्यामुळे हे शक्य झालं. हल्लीचे अ‍ॅल्युमिनियमचे आणि प्लॅस्टिकच्या टाकीचे असे उघडता येत नाहीत, ते फेकून नवेच घ्यावे लागतात. जुनी गाडी सांभाळण्यासारखी आहे ती नेमकी यासाठी: तिचा प्रत्येक भाग उघडतो आणि उघडणारा माणूस अजून जिवंत आहे.

हेड घेऊन तुमचे जावई लोकलने पुण्याला गेलेत. मशीन शॉपमध्ये तपासणी आणि फेसिंग, आणि येताना नाना पेठेतून गॅस्केट सेट, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट काढूनच टाका असं बरेच जण सुचवतात. मिस्त्री त्याच्या विरुद्ध आहेत. तो नसला की इंजिन नेमक्या तापमानाला पोचत नाही, डिझेल जास्त खातं आणि झीज वाढते.

आई, जेवणाची काळजी करू नकोस. मिस्त्रींच्या घरून रोज डबा येतो. इंद्रायणीचा मऊ भात, वर आमटी. हा तांदूळ इथलाच, वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर आणि आयआर 8 यांच्या संकरातून काढून 1987 साली दिलेला. शेतकऱ्यांनी राब भाजून ठेवलेत, सगळ्यांचे डोळे आभाळाकडे आहेत.

तुमची लेक


कामशेत, गुरुवार

ती. बाबा आणि आई,

पाऊस आला. लोहगड आणि विसापूर सकाळपासून ढगात आहेत. लोहगड 2025 साली युनेस्कोच्या यादीत आला तेव्हापासून तो पाहायचा मनात होतं, आता ओला पाहणार.

हेडला तडा नाही. फेसिंग होऊन आलं, वॉल्व्ह घासून बसवले. ब्लॉकचा माथा मिस्त्रींनी स्वतः साफ केला आणि बोल्टांच्या भोकांतलं ऑइल कापसाने टिपून घेतलं. भोकात तेल राहिलं तर बोल्ट घट्ट झाल्याचं खोटं समाधान मिळतं. मग मधल्या बोल्टांपासून बाहेरच्या बोल्टांकडे, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. पान्याचा प्रत्येक ‘टक’ ते मोठ्याने मोजत होते. ऑइल दोनदा बदललं, पहिलं फक्त धुण्यापुरतं. चालू केलं तेव्हा थोडा वेळ ठोका आला, मग आवाज बसला. पट्टी स्वच्छ, रेडिएटरमध्ये एकही बुडबुडा नाही.

आज भल्या पहाटे खोपोलीपर्यंत उतरून त्याच घाटाने वर आलो. मिस्त्री शेजारी बसले होते. काटा अर्ध्याच्या खाली राहिला. आता थोडं अंतर चालवून हेडचे बोल्ट पुन्हा एकदा पाहायचे, तोवर भारी चढ टाळायचे. सगळा खर्च मोठ्या गॅरेजवाल्याने सांगितलेल्या इंजिनाच्या निम्म्याहूनही कमी झाला. गाडीच्या नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे. तेव्हाही मी हीच गाडी तपासणीला नेणार.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. मिस्त्रींच्या हाताखाली कोणी पोरगा नाही. होते ते कारखान्यांत गेले. लोणावळ्यात आयएनएस शिवाजीवर 1945 पासून नौदलाची माणसं जहाजांची इंजिनं शिकतात, इथून आकुर्डी-चाकणपर्यंत गाड्यांचे कारखाने आहेत, आणि तरी हायवेच्या कडेला इंजिन उघडून खरं निदान करणारा माणूस दिवसेंदिवस दुर्मीळ होतो आहे. घाटात अडकलेल्या माणसाला कारखाना उपयोगी पडत नाही.

म्हणून बाबा, दादाशी बोला. त्याच्या धाकट्या मुलाला दहावीनंतर आयटीआयला डिझेल मेकॅनिकला जायचंय आणि दादा त्याला डिप्लोमाला घालायच्या मागे आहे. पोराचा हात चांगला आहे, ते तुम्ही स्वतः पाहिलंय. प्रवेशाचे अर्ज सुरू आहेत. त्याला अडवू नका, आणि सुट्टीत त्याला इथे कामशेतला पाठवा. मिस्त्री त्याला ठेवून घ्यायला तयार आहेत.

तुमची लेक