काळाची चूक

बंगळूरच्या बसवनगुडीतील एका जुन्या घराच्या पडवीत दर रविवारी तिसऱ्या प्रहरी सातआठ मुले इंग्रजी शिकावयास येतात. बहुतेक जण आसपासच्या घरांत काम करणाऱ्यांची मुले. कोणाचे आईबाप यादगीरकडून आलेले, कोणाचे रायचूरकडून. शिकविणाऱ्या बाईंनी ऐंशी ओलांडली आहे. वही हाती आली की बाई ती प्रथम शेवटपर्यंत वाचतात, मिटून मांडीवर ठेवतात, लिहिणाऱ्याशी त्या मजकुराविषयी दोन शब्द बोलतात, आणि मगच पेन्सिल उचलतात. पाहणाऱ्यास वाटावे, की चूक दुरुस्त करण्याची यांना मुळी घाईच नाही. परंतु तरुणपणी ही घाई बाईंनी पुष्कळ केली होती. तिचीच आठवण त्यांच्या परदेशातील सात वर्षांमधून सर्वांत अधिक टिकून राहिली आहे.

१९६८ साली बाई पतीसह इथिओपियातील डेसी या गावी शिक्षिका म्हणून गेल्या. माहेर सांगोल्याचे, सासर बंगळूरच्या मराठी वस्तीतले. यजमान गणिताचे शिक्षक. १९४१ साली इटालियनांचा अंमल संपल्यावर सम्राट हैले सेलासी यांनी वरच्या शिक्षणाचे माध्यम म्हणून इंग्रजी स्वीकारली, आणि शिक्षकांचा तुटवडा भरून काढण्यासाठी त्यांच्या सरकारने ज्या देशांकडे पाहिले त्यांत हिंदुस्थान होता. केरळातून पुष्कळ मंडळी गेली. थोडी इतर प्रांतांतूनही गेली. तेथे पहिली सहा वर्षे मुले अम्हारिकमधून शिकत, आणि सातवीत एकाएकी सारेच विषय इंग्रजीत सुरू होत. त्या उंबरठ्यावर मुलांना हात देणे हे बाईंचे काम होते.

हात देणाऱ्याचे पाऊलही तेथे फारसे घट्ट नव्हते. बाईंच्या शाळेत इंग्रजी आठवीत सुरू झाली होती. तेराव्या वर्षी त्यांनी ती लिपी प्रथम गिरविली. भाषा कष्टाने मिळविलेली असली, की माणूस तिच्या नियमांना घट्ट धरून राहतो. ज्याची ती मातृभाषा आहे तो कानावर विसंबतो. बाईंना कान नव्हता, व्याकरण होते. वर्गात तीन भाषा हजर असत: मुलांची अम्हारिक, बाईंच्या मनातली मराठी, आणि दोघांनाही परकी असलेली, पण दोघांमधील एकमेव वाट असलेली इंग्रजी.

जवळीक झाली ती मात्र लिपीमुळे. इथिओपियाच्या अक्षरमालेत प्रत्येक व्यंजनाची स्वरानुसार सात रूपे होतात. मुले ती रांगेने घोकू लागली, तेव्हा आपल्याच गावची बाराखडी कानी पडल्यासारखे बाईंना वाटले. महिन्याभरात त्या दुकानांवरच्या पाट्या वाचू लागल्या. आंबोळीची आठवण करून देणारा इंजेरा पचनी पडला, तेरा महिन्यांचे वर्ष अंगवळणी पडले, आणि सूर्योदयापासून तास मोजणाऱ्या त्या देशात सकाळी सातला एक वाजतो हेही सवयीचे झाले.

मग १९७२ साल आले. घरची पत्रे येऊ लागली: विहिरी आटल्या, जनावरे बाजारात नेली, धाकटा दीर खडी फोडावयास जातो, रेशनावर तांबडा मिलो मिळतो, कामावर पोरांना सुकडी वाटतात. महाराष्ट्रातील तो दुष्काळ भीषण होता, परंतु तो लपविलेला नव्हता. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. वर्तमानपत्रे लिहीत होती, विधानसभेत प्रश्न विचारले जात होते. याच काळात डेसी ज्या प्रांताची राजधानी होती त्या वोल्लोमध्येही पाऊस दडी मारून बसला होता. उत्तरेकडील कोबो, वोल्दिया या बाजूंची माणसे बैल विकून, घर सोडून, अस्माराच्या हमरस्त्यावर येऊन बसू लागली. मात्र राजधानीत या गोष्टीचा उच्चार नव्हता. डेसीच्या बाजारातही धान्याचे भाव फारसे चढले नव्हते. बाई टेफ नेहमीच्याच दराने घेत होत्या. पुढे १९८१ साली अमर्त्य सेन यांनी आपल्या ग्रंथात याचा उलगडा केला: भुकेल्यांच्या हाती पैसाच उरला नव्हता, म्हणून बाजाराला त्यांची मागणी जाणवली नाही, उलट वोल्लोतून काही धान्य बाहेर गेले. त्या वेळी बाईंना एवढेच कळत होते, की रस्त्यावर माणसे आहेत आणि शिक्षकांच्या खोलीत त्यांचा विषय निघत नाही. करारावर आलेल्या परक्या शिक्षकाने तो काढावा असे कोणाला वाटत नव्हते. बाईंनाही वाटले नाही.

सप्टेंबर १९७३ मध्ये पावसाळी सुट्टीनंतर शाळा उघडली. आठवीच्या वर्गाला बाईंनी सुट्टीवर निबंध लिहावयास सांगितला. उद्देश भूतकाळाच्या सरावाचा होता. कोबोकडचा एक मुलगा डेसीत नातलगांकडे राहून शिकत असे. त्याने दीड पान लिहिले. घरी गेलो, बैल नव्हते, वडील कामाच्या शोधात दक्षिणेकडे गेले होते. येथवर काळ ठीक होता. पुढे त्याने लिहिले होते, की आजी वोल्दियाजवळ रस्त्याच्या कडेला बसली आहे, तिच्याजवळ एक कातडे आहे, ती गाड्यांची वाट पाहत आहे. बाईंनी तांबड्या शाईने प्रत्येक ‘आहे’चे ‘होती’ केले, दहांपैकी सहा गुण दिले, आणि खाली शेरा लिहिला: काळ सांभाळ.

दुसऱ्या दिवशी मुलगा टेबलाजवळ येऊन उभा राहिला. वही उघडून त्याने हलक्या आवाजात विचारले, “टीचर, ही बातमी तुम्हांला कोणी दिली?”

बाईंना प्रश्न उमगला नाही. उमगला तेव्हा त्यांनी जे केले ते त्या आजही लपवीत नाहीत. त्यांनी नियम समजावून सांगितला. निबंध सुट्टीविषयी आहे, सुट्टी संपली आहे, म्हणून सारी क्रियापदे भूतकाळी हवीत. मुलाने मान डोलविली, जागेवर जाऊन बसला, आणि संपूर्ण निबंध भूतकाळात, सुवाच्य अक्षरांत, पुन्हा लिहून आणला. त्यात एकही चूक नव्हती. आजीची विचारपूस बाईंनी तेव्हाही केली नाही. मराठीत ‘आजी होती’ असे कोणी म्हणाले असते, तर त्यांच्या काळजाचा ठोका चुकला असता. इंग्रजीत तो चुकला नाही, कारण त्या भाषेत त्या केवळ रूपे पाहत होत्या.

त्यानंतरच्या घटना इतिहासात नोंदलेल्या आहेत. ऑक्टोबर १९७३ मध्ये जोनाथन डिम्बल्बी यांचा वृत्तपट ब्रिटिश दूरचित्रवाणीवर दाखविला गेला आणि वोल्लोतील उपासमार जगाला दिसली. सप्टेंबर १९७४ मध्ये सम्राटांना पदच्युत करण्यात आले. त्याच वर्षाअखेरीस नव्या लष्करी राजवटीने विद्यापीठातील व वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना खेडोपाडी धाडले. १९७५ साली बाई बंगळूरला परतल्या. पुढे १९७७-७८ च्या सुमारास तेथे जे शिरकाण झाले त्यात बळी पडलेल्यांत शाळा-महाविद्यालयांतील मुले फार होती. तो मुलगा १९७४ च्या आरंभापासूनच वर्गात दिसेनासा झाला होता. त्याचे पुढे काय झाले हे बाईंना कळले नाही. आजीचे काय झाले हेही नाही.

बंगळूरमध्ये बाईंनी पुन्हा शाळेत नोकरी धरली. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेकडील काही शाळांत एन. एस. प्रभू यांनी जो प्रयोग केला तो पुढे बंगळूर प्रकल्प या नावाने जगभर ओळखला गेला. नियम व शब्द यांची आधी आखलेली क्रमवार यादी प्रभूंनी बाजूस ठेवली. मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा, एखादे कोडे ठेवावे. ते सोडविण्यात मन गुंतले, अर्थाकडे लक्ष लागले, की व्याकरण आपोआप रुजते, अशी त्यांची धारणा होती. १९८७ साली आलेले त्यांचे पुस्तक बाईंनी दोनदा वाचले. अर्थ आधी, रूप नंतर, हे वाक्य डेसीच्या त्या सकाळी कोणी सांगितले असते तर, असे त्यांना वाटले. तरी त्यांचे पुरते समाधान झाले नाही. वेळापत्रकात चूक झाली तर गाडी चुकते. त्या अर्थाने कोणी घायाळ होत नाही. मुलाने स्वतःचे काही लिहिले, तर ते उचलावयास पद्धती पुरी पडत नाही, असे त्या म्हणतात. तेथे शिक्षकाने क्षणभर शिक्षकपण बाजूला ठेवावे लागते. व्याकरण शिकविणे मात्र त्यांनी कधी सोडले नाही. नियम न कळलेल्या मुलाला पुढे दारे बंद होतात, हे आठवीत इंग्रजी सुरू केलेल्या बाईंना कोणी सांगावयास नको.

गेल्या उन्हाळ्यात पडवीतील एका मुलीने गावाकडच्या आजोबांवर चार ओळी लिहिल्या. पहिल्या दोन वर्तमानकाळात होत्या, पुढच्या दोन भूतकाळात. बाईंनी वही मिटली आणि कन्नडमध्ये विचारले, “अज्ज हेगिद्दारे?”

आजोबा बरे आहेत, मुलगी म्हणाली. फक्त आता शेतावर जात नाहीत. मग बाईंनी पेन्सिल उचलली, आणि पुढच्या दोन ओळींपैकी एकच दुरुस्त केली.