सहा लाख लिटरचा पाऊस

पिंपळगाव बसवंतला बागेचा हिशोब एका मापात कधीच होत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, बोलण्यात एकर-गुंठे, ठिबकचं पाणी तासाला लिटरमध्ये आणि पाऊस मिलिमीटरमध्ये. आमचं शेततळं जेसीबीवाल्याने फुटांत आखलं होतं, वरून १०० बाय १००.

जूनच्या सुरुवातीला एका रात्रीत ६० मिलिमीटर पाऊस झाला. दोन एकरांत द्राक्षाच्या कलमांसाठी डॉगरीजचे खुंट नुकतेच लावलेले, तळं जवळपास रिकामं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर, हे मला पाठ होतं. १० हजार गुणिले ६०, सहा लाख लिटर! हे १० हजार चौरस फूट आहेत, हे गुणताना मनातही आलं नाही. चौरस मीटरमध्ये ते भरतात ९२९. तळ्यात पडलं ५५ हजार ७४० लिटर, वजनाने जेमतेम ५६ टन. माझा आकडा पावणेअकरा पट फुगलेला होता.

घरच्या अण्णांनी सकाळीच विचारलं होतं, "अरे, दोरीच्या किती गाठी बुडाल्या?" तळ्यात कुणी घसरलं तर धरून वर यावं म्हणून तळ्याच्या प्लास्टिक कागदावर फूट-फूट अंतराने गाठी मारलेली दोरी सोडलेली असते. सहा लाख लिटर आलं असतं, तर पाणी किमान ६५ सेंटीमीटर चढलं असतं, म्हणजे दोन गाठी तरी बुडायलाच हव्या होत्या. एकही बुडाली नव्हती. मी दोरीकडे न बघता त्यांना वहीतला गुणाकार दाखवला. याचं मला अजून वाईट वाटतं.

त्याच भरवशावर शेजारच्या विहिरीवरून ठरलेलं पाणी नको म्हणून कळवलं आणि ठिबक सढळ हाताने चालवलं. पुढे पावसाने ओढ दिली. तळं आटलं, खुंटांची वाढ थांबली. ऑगस्टमध्ये कलम भरायची वेळ आली, तेव्हा कितीतरी काड्या पेन्सिलीएवढ्याही जाड नव्हत्या. मजूर परत पाठवावे लागले.

नंतर नीट हिशोब मांडला. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, एकरावर इंचभर पाऊस म्हणजे लाखावर लिटर, सुमारे १०३ टन पाणी. त्या रात्री आमच्या दोन एकरांवरच चार लाख ८५ हजार लिटर पडलं होतं. त्यातलं बरंचसं ओघळीने पाराशरी नदीकडे वाहून गेलं. यंदा ती ओघळ अडवून आमच्या विहिरीकडे वळवायचं काम काढलंय.